उड्या मारणारे कोळी : सातारा-सांगलीकडे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळेतला विज्ञान दिन असो, गणपतीतलं फोटोंचं प्रदर्शन असो की बांधावरच्या गप्पा, कोळ्याचा विषय निघाला की हेच प्रश्न येतात. काही अभ्यासू असतात, काही भीतीपोटी विचारलेले, तर काही निव्वळ चेष्टेनं. सगळ्यांची उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवली आहेत. जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं उत्तर लांबलंय.

घरातल्या इतर कोळ्यांतून हा कसा ओळखायचा?

चालीवरून. बाकीचे कोळी एक तर जाळ्यात उलटे लटकलेले असतात, नाहीतर दिवा लावला की कपाटामागं सरसर पळतात. हा दिवसाढवळ्या फिरतो. चार पावलं चालतो, थबकतो, अख्खं अंग वळवून इकडंतिकडं बघतो आणि मग एकदम टुणकन उडी मारून पुढं. अंग आखूड, पाय दणकट, आकार बहुतेक वेळा पाच ते दहा मिलिमीटर. समोरून पाहिलं की चार डोळे एका ओळीत दिसतात आणि त्यातले मधले दोन चांगलेच मोठे. हे मधले दोन डोळे दिसले की शंका उरत नाही.

आपल्याकडच्या घरांत तीन जाती हमखास भेटतात. बाहेरच्या उन्हातल्या भिंतीवर, कंपाउंडवर, पाण्याच्या टाकीवर करडा, चपटा असतो तो मेनेमेरस बायविटॅटस. खिडकीच्या जाळीवर काळ्या अंगावर मधोमध पांढरा पट्टा असलेला दिसला तर तो प्लेक्सिपस पायकुलीचा नर. त्याची मादी तपकिरी, फिकट पट्ट्याची. आणि मोरीत, न्हाणीघरात, जिथं थोडा ओलावा आणि अंधार आहे तिथं काळ्या पोटावर पांढरी चंद्रकोर घेऊन फिरणारा हॅसॅरियस अ‍ॅडनसोनीचा नर. या तिसऱ्याचं नाव लक्षात ठेवा, पुढं तो एका जपानी प्रयोगशाळेत भेटणार आहे.

या सगळ्यांचं कुळ एकच, साल्टिसिडी. कोळ्यांतलं हे सगळ्यात मोठं कुळ. जगभरात ६,००० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत.

चावतो का? विषारी आहे का?

विष जवळपास सगळ्याच कोळ्यांना असतं, भक्ष्य मारायला. माणसाला त्यातून धोका असलेले कोळी अगदी थोडे, आणि हे कुळ त्यात येत नाही. बोटात धरून दाबला तर चावू शकतो. चिमटा बसल्यासारखं वाटतं, थोडं लाल होतं, जातं. बोटात धरून दाबू नका, एवढंच.

कोळी अंगावर मुतला की फोड येतात, हे खरं का?

नाही. पण फोड येतात हे मात्र खरं, म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. फोडांचं कारण दुसरंच असतं, आणि ते बहुधा दोनांपैकी एक.

पहिलं कारण पेडेरस नावाचा छोटा भुंगेरा. लांबट अंग, केशरी रंग, डोकं काळं, पाठीवर निळसर आखूड पंख. पटकन बघितलं तर मुंगीच वाटते. पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता तो दिव्याकडं येतो. झोपेत मानेवर बसला आणि आपण चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन हे रसायन कातडीला लागतं. लगेच काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा उठतो, मग फोड. तोवर भुंगेरा गेलेला असतो आणि वर छताला कोळी दिसतो. आळ त्याच्यावर. असा भुंगेरा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाच्या पाण्यानं धुवा.

दुसरं कारण नागीण. लहानपणी कांजिण्या होऊन गेलेल्यांच्या अंगात तो विषाणू दबून राहिलेला असतो, तो पुढं कधीतरी वर येतो आणि अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड उठतात, आग होते. यावर गोळ्या आहेत, पण फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो. कोळी मुतला म्हणून लेप लावत, उतरवून घेत हे तीन दिवस घालवणं महागात पडतं. डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कोळ्याची शी-शू एकत्रच असते, पांढरट ठिपक्यासारखी. ती भिंत घाण करते. त्यापलीकडं काही नाही.

दसऱ्याला झाडतो ती जळमटं यांचीच का?

यांची नाहीत. जळमटं करतात ते लांब, बारीक काड्यांसारख्या पायांचे कोळी, छताच्या कोपऱ्यात उलटे लटकणारे. उडी मारणारा कोळी भक्ष्यासाठी जाळं विणत नाही. तो रेशीम वापरतो ते चालताना मागं सोडायच्या सुरक्षादोरीसाठी आणि रात्री झोपायच्या, कात टाकायच्या, अंडी घालायच्या पिशवीसाठी. दाराच्या चौकटीच्या खाचेत, कॅलेंडरच्या मागं, पडद्याच्या घडीत कापसासारखी दाट पांढरी पिशवी दिसली आणि आत हालचाल असली तर ती यांची असू शकते. साफसफाई जरूर करा. ती एक पिशवी राहिली तर लक्ष्मी रुसत नाही.

तो वळून आपल्याकडं बघतो असं वाटतं. खरंच बघतो का?

हो, खरंच बघतो, आणि हाच या कोळ्याचा सगळ्यात मोठा चमत्कार आहे.

डोळे आठ. बाजूचे आणि मागचे सहा डोळे चोहीकडची हालचाल टिपतात. त्यांच्यामुळं जवळजवळ सगळीकडून काय हललं ते त्याला कळतं. काही हललं की तो अंग वळवतो आणि पुढचे दोन मोठे डोळे त्यावर रोखतो. रंग आणि बारकावे दिसतात ते याच डोळ्यांना. त्यांची नजर तीक्ष्ण आहे, पण अरुंद. अंधारात विजेरीचा झोत एकेका जागी टाकत खोली बघावी तसं ते समोरची वस्तू तुकड्यातुकड्यानं बघतात.

भिंग तर कवचात घट्ट बसलेलं, हलत नाही. मग झोत फिरतो कसा? भिंगाच्या मागं एक लांब नळी आहे, नळीच्या टोकाला दृष्टिपटल, आणि प्रत्येक नळीला सहा स्नायू. ते नळी आतल्या आत हलवतात, फिरवतात. मायकेल लँड यांनी १९६९ मध्ये या हालचालींचा तपशील मांडला. हे तुम्हाला साध्या भिंगातूनही दिसू शकतं, फक्त कोळी फिकट रंगाचा हवा. टेलामोनिया डिमिडिआटा या जातीची पिवळसर-पांढरी मादी बागेत मिळते. ती तुमच्याकडं तोंड करून स्थिर बसली की डोळ्याचा रंग बघत राहा. आत्ता काळाभोर दिसतो, क्षणात मधासारखा होतो, परत काळा. डोळा जागचा हललेला नसतो. काळा दिसतो तेव्हा दृष्टिपटल थेट तुमच्यावर रोखलेलं असतं. मधाळ दिसतो तेव्हा नळी दुसरीकडं वळलेली असते.

आता मोरीतल्या हॅसॅरियसकडं येऊ. दृष्टिपटलात चार थर असतात. त्यातले दोन हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतात, पण हिरवी प्रतिमा नीट उमटते ती एकाच थरावर. दुसऱ्यावर ती धूसर असते. मग हा धूसर थर ठेवलाय कशाला? जपानमधल्या ओसाका इथल्या संशोधकांनी हॅसॅरियस अ‍ॅडनसोनीवर प्रयोग केले आणि २०१२ मध्ये उत्तर दिलं: अंतर मोजायला. प्रतिमा किती धूसर आहे यावरून वस्तू किती लांब आहे ते कोळी ठरवतो. याची परीक्षा त्यांनी मोठी छान घेतली. हिरव्या उजेडात कोळ्यांच्या उड्या बरोबर पडल्या, नुसत्या लाल उजेडात मात्र त्या अलीकडंच पडायला लागल्या. ज्या किड्याला आपण झाडूनं मोरीत ढकलतो त्याच्या डोळ्यावर जगातल्या नामांकित नियतकालिकात निबंध छापून आलेला आहे.

पाय तर टोळासारखे लांब नाहीत. मग एवढी उडी कशी?

पाण्याच्या दाबावर, म्हणजे त्याच्या रक्ताच्या दाबावर. कोळ्याच्या पायाच्या दोन मुख्य सांध्यांत पाय आखडायला स्नायू आहेत, पण ताणायला नाहीत. पाय सरळ होतो तो शरीरातला द्रव दाबानं आत ढकलला की. उडीच्या वेळी हा दाब एकदम वाढतो आणि मागचे पाय झटक्यात ताणले जातात. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आवळलेले असतात त्याचं कारणही हेच. दाब संपला, आखडणारे स्नायू उरले.

उडीआधी तो पोटाचं टोक भिंतीला टेकवतो. तिथं सुरक्षादोरी चिकटवली जाते. उडी चुकली तर तो त्या धाग्यावर लोंबकळतो आणि चढून परत येतो. उडी चालू असताना अंग कलंडू नये म्हणूनही तोच धागा कामाला येतो. हे टेकवणं डोळ्यांदेखत बघायचं असेल तर खिडकीच्या काचेवरचा कोळी पोटाच्या बाजूनं बघा.

एवढ्याशा डोक्यात अक्कल किती असणार?

पोर्शिया वंशाचे कोळी बघितल्यावर हा प्रश्न कोणी विचारत नाही. ते आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात आढळतात, आपल्या देशातही आहेत. अंगावर केसांचे झुबके, वाळक्या पानाचा कचरा अडकलाय असंच वाटावं. त्यांचं खाणं म्हणजे इतर कोळी, तेही त्यांच्याच जाळ्यात शिरून.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले रॉबर्ट जॅक्सन यांनी आयुष्याचा मोठा काळ या कोळ्यांमागं घालवला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं ते असं. पोर्शिया जाळ्याच्या कडेला बसून धागे छेडतो, किडा अडकल्याचा भास होईल अशा तऱ्हेनं. एका तऱ्हेला मालक कोळी फसला नाही तर दुसरी तऱ्हा, मग तिसरी. जी लागू पडते ती धरून ठेवतो. वाऱ्यानं जाळं हललं की त्या हलण्याच्या आड लपून चार पावलं पुढं सरकतो. आणि समोरून जाणं शक्य नसेल तर आधी बसून वाट न्याहाळतो, मग लांबचा वळसा घालतो. वळशात भक्ष्य नजरेआड होतं, तरी तो वाट सोडत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोन वाटांपैकी भक्ष्यापर्यंत पोचणारी वाट निघण्याआधीच ओळखणारे कोळी दिसले.

याला ‘विचार’ म्हणायचं का, यावर वाद घालणारे घालतात. माझ्यापुरतं म्हणाल तर वळसा घालायच्या आधी थांबून बघणं हे आमच्याकडच्या पुष्कळ दुचाकीस्वारांना जमलेलं नाही.

झोपतो का?

झोपतो. बरेचसे रेशमी पिशवीत. एव्हार्का आर्क्युआटा ही युरोपातली जात धाग्याला उलटी लटकून झोपते. तिची अगदी लहान पिल्लं पारदर्शक असतात, त्यामुळं डोळ्यांच्या नळ्या बाहेरून दिसतात. डॅनिएला रोसलर यांनी रात्रभर कॅमेरे लावून २०२२ मध्ये नोंदवलं की झोपेत मधूनमधून या नळ्या हलतात आणि पाय फडफडतात, आपल्याला स्वप्नं पडतात त्या झोपेत डोळे हलतात त्या धर्तीवर. कोळ्याला स्वप्न पडतं असं त्यांनी म्हटलेलं नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या बातम्यांनी ते परस्पर म्हणून टाकलं.

नर नाचतो म्हणतात ते कुठं बघायला मिळेल?

तुमच्याच कुंडीवर, मादी आणि नर एका वेळी सापडले तर. नर पुढचे पाय उंच करतो, बाजूबाजूनं नागमोडी सरकतो, तोंडाजवळचे दोन छोटे अवयव फडफडवतो, पोट थरथरवतो. ही थरथर पानातून मादीच्या पायापर्यंत पोचते, म्हणजे दाखवणं आणि वाजवणं दोन्ही आलं. मादीला पसंत नसेल तर नराला जीव घेऊन पळावं लागतं.

याचा पहिला नेटका अभ्यास अमेरिकेतल्या मिलवॉकी गावचे जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या नवराबायकोनं केला, १८८९ मध्ये. जॉर्ज हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. दोघांनी नर-माद्या पेट्यांत ठेवून तासन्‌तास बघितलं आणि लिहून काढलं. नराचे रंग आणि नाच यांचा मादीच्या निवडीशी संबंध आहे का, हा डार्विनच्या वेळचा पेटलेला प्रश्न त्यांच्यापुढं होता. ऑस्ट्रेलियातल्या मोरपिसाऱ्याच्या कोळ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, ते मॅरेटस वंशाचे. ते आपल्याकडं नाहीत. आपल्याकडं रंगाची हौस भागवायची असेल तर फिंटेला व्हिटाटा शोधा. पानावर ऊन पडलं की निळे-पांढरे पट्टे धातूसारखे चमकतात, आणि हा कोळी आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करतो, जे त्याच्या मादीला दिसतात.

परवा मुंगी समजून धरली तर ती धाग्यावर लटकली. ही काय भानगड?

मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. याच कुळातला. कंबर बारीक, डोकं वेगळं वाटेल अशी खाच, आणि पुढचे दोन पाय हवेत धरून मुंगीच्या मिशांसारखे हलवत चालतो. आंबा, जांभळाच्या झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतात. त्यांच्या आसपास मायरमाप्लाटा प्लाटालिऑइडीस ही जात हुबेहूब त्यांच्या रंगाची असते. ओळखायची खूण सोपी: पाय मोजा, आठ भरतील. नराचे जबडे तर इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असं वाटतं. मुंग्यांच्या वाटेला पक्षी आणि इतर शिकारी सहसा जात नाहीत, त्याचा फायदा हा घेतो.

याच सोंगाड्या मंडळींतल्या टॉक्सियस मॅग्नस या जातीबद्दल २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केलेली गोष्ट ऐकून गवळ्यालाही नवल वाटेल. ही मादी पिल्लांना पोटाखालून पाझरणारा दुधासारखा द्रव पाजते, पिल्लं स्वतः शिकार करायला लागल्यावरही जवळजवळ चाळीस दिवसांपर्यंत. त्या द्रवात गाईच्या दुधाच्या सुमारे चौपट प्रथिनं असतात.

डास खातो का?

खातो, पण डास संपवेल या आशेवर पाण्याची पिंपं उघडी ठेवू नका. खास डासांच्या मागं असणारी एक जात आहे, एव्हार्का क्युलिसिव्होरा, पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. ती रक्त पिऊन टम्म झालेली डासाची मादी निवडून खाते.

द्राक्षबागेत, उसात यांचा उपयोग होतो का?

तासगाव-मिरजेकडून हा प्रश्न सारखा येतो, म्हणून उत्तर सांभाळून देतो.

उपयोग होतो, पण औषधाच्या बाटलीला पर्याय म्हणून नाही. हा कोळी हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालतो. तुडतुडे, छोट्या माश्या, पतंग, कोवळ्या अळ्या त्याच्या आवाक्यातल्या. सालीखाली ढिम्म बसलेला पिठ्या ढेकूण त्याच्या नजरेत सहसा भरत नाही, आणि नजरेला न दिसणारी लाल कोळीकीड तर नाहीच. (नावात कोळी असला तरी कोळीकीड ही वेगळी, ती पिकाचा रस शोषते. बांधावरच्या अर्ध्या गैरसमजाचं मूळ इथं आहे.) शिवाय त्याला मित्रकीटक आणि शत्रूकीटक असा भेद कळत नाही, फुलावर आलेली छोटी मधमाशीही तो धरतो. एकाच किडीवर तुटून पडणारा हा शिकारी नाही. वर्षभर थोडं थोडं खात राहणारा आहे.

त्याला टिकवायचं तर दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक म्हणजे फवारणी. किडीची पातळी बघून, गरजेपुरती, निवडक औषधाची केली तर कोळी तगतात. ऑक्टोबर छाटणीनंतर कॅलेंडर बघून दणादण मारलेल्या औषधांत ते तगत नाहीत. दुसरी, उसातलं पाचट. पाचट पेटवलं की त्यातला प्रत्येक कोळी, त्याच्या अंड्यांच्या पिशव्या, सगळं जातं. सरीत आच्छादन म्हणून ठेवलं तर ओल टिकते, कर्ब वाढतो हे तुम्हाला कृषी खात्यानं सांगितलंच आहे. कोळ्यांना घर मिळतं हे मी सांगतो. बांधावरची झुडपं, करंज, बाभळ ठेवली असेल तर तिथून पिल्लं धाग्यावर तरंगत वाऱ्यानं पिकात परत येतात. बांध कोरून काढणाऱ्यांकडं ती कुठून येणार?

सातारा-सांगलीत हे कोळी बघायला कुठं जावं?

घराच्या भिंतीपासून सुरुवात करा, मग कढीपत्ता, जास्वंद, कुंपण. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली, कारण ऊन लागल्याशिवाय यांची गाडी सुरू होत नाही. पानाच्या वरच्या बाजूपेक्षा दोन पानं चिकटवून केलेल्या फटी तपासा.

बाहेर जायचंच असेल तर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा उतार आणि यवतेश्वर घाट, सांगलीकडं दंडोबाचा डोंगर आणि सागरेश्वर. सागरेश्वरची झाडी माणसांनी लावून वाढवलेली, त्यामुळं उघड्या माळापासून दाट झाडीपर्यंतचे सगळे टप्पे थोडक्या चालीत मिळतात. चांदोली आणि कोयनेचं जंगल ओलसर, तिथले कोळी वेगळे. पण तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, वनखात्याच्या वाटेनंच जायचं.

कासला जाणारे फुलांच्या दिवसांत जातात आणि कोळी बघायला पठारावर आडवे पडतात. कृपा करून पडू नका. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभरही नाही आणि खाली गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू दडपली जातात. पठारावर फुलात बसून राहिलेला पांढरा-पिवळा कोळी दिसेल तो बहुधा खेकडा कोळी. उडी मारणारे रस्त्याकडेच्या झुडपांतही भरपूर मिळतात.

रात्री विजेरी मारली की गवतात हिरवे-निळे ठिपके लुकलुकतात ते लांडगा कोळ्यांचे डोळे. उडी मारणाऱ्यांचे डोळे असे चमकत नाहीत.

मोबाईलनं फोटो निघेल का?

निघेल. दोनशे-तीनशे रुपयांचं चिमटा लावायचं मॅक्रो भिंग घ्या. फोन कोळ्याच्या पातळीला आणा, हळू सरका. तो वळून बघेल तेव्हाच दाबा. तुमची सावली त्याच्यावर पडली की उडी ठरलेली.

फोटो पाठवला तर नाव सांगाल का?

वंश बरेचदा सांगता येतो, जात क्वचित. जात पक्की ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली: नराच्या तोंडाजवळच्या त्या फडफडणाऱ्या अवयवाची टोकं आणि मादीच्या पोटाखालची जननरचना बघून. वयात न आलेल्या कोळ्यात हे दोन्ही तयारच नसतं, म्हणून पिल्लाच्या फोटोवर छातीठोक नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मात्र फोटो टाकाऊ नसतो. तारीख, गाव, कशावर बसला होता हे लिहून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. अभ्यासक तिथं बघतात.

आपल्या देशात यांचा अभ्यास कोणी केला?

इंग्रजी अमलात आर. आय. पोकॉक यांनी १९०० साली भारतातल्या कोळी-विंचवांवर मोठा ग्रंथ लिहिला, पण लंडनमध्ये बसून, इथून पाठवलेल्या नमुन्यांवर. इथं राहून काम उभं केलं ते भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे बी. के. टिकादर यांनी. बंगाली माणूस, पण बराच काळ पुण्याच्या केंद्रात काम केलं. पुढं संस्थेचे संचालक झाले. त्यांचं १९८७ सालचं हस्तपुस्तक आजही जुन्या अभ्यासकांच्या टेबलावर असतं. त्यातली काही नावं आता बदलली आहेत, पण सुरुवात करणाऱ्याला ते अजून हात देतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जॉन कॅलेब, ध्रुव प्रजापती, राजेश सानप, जावेद अहमद, राजश्री खलप अशांनी उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कित्येक नव्या जाती मांडल्या. त्यातल्या काही चक्क मुंबईच्या आरे कॉलनीतून.

आणि एक डॉक्टर. आर. डब्ल्यू. जी. हिंगस्टन हे १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे वैद्य आणि निसर्ग अभ्यासक. झाडाचं पान नाही, गवताची काडी नाही अशा २२,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ६,७०० मीटरवर, त्यांना दगडांत उड्या मारणारे कोळी सापडले. वाऱ्यानं खालून उडून येणारे किडे हा तिथला शिधा. पुढं १९७५ मध्ये फ्रेड वॉनलेस यांनी त्या जातीचं युओफ्रिस ऑम्निसुपरस्टीस असं नामकरण केलं.

तुकाराम ओंबळे यांच्या नावाचा कोळी आहे हे खरं का?

खरं आहे. आयसियस तुकारामी. ठाणे परिसरातल्या या कोळ्याचं वर्णन प्रजापती, कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि सानप यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत पकडला गेला. अशोक चक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. मेढ्याकडच्या शाळांत हा कोळी दाखवला की पोरं आधी गप्प होतात, मग ‘तो आपल्याकडं सापडंल का?’ असं विचारतात. मी त्यांना शोधायला सांगतो. सचिन तेंडुलकरच्या नावाचाही एक आहे, मारेंगो सचिनतेंडुलकर, २०१९ चा.

नवी जात सापडली तर माझं नाव देता येईल का?

दुसरा कोणी तुमचं देऊ शकतो. स्वतःचं स्वतः द्यायची रीत नाही.

कोळी गोळा करून ठेवायला परवानगी लागते का?

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, राखीव जंगल इथं वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, मेलेला कोळीसुद्धा. नमुने देशाबाहेर पाठवायला २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात. हौसेनं बाटलीत भरून ठेवणाऱ्यांना माझा पाठिंबा नाही. तारीख-ठिकाणाची चिठ्ठी नसलेला नमुना कुणाच्याच कामाचा नसतो.

पाळता येतो का?

परदेशात लोक पाळतात. तुमच्या खिडकीत तो फुकट राहतो, खाणं स्वतःचं स्वतः बघतो. आयुष्य बहुतेकांचं वर्षभराच्या आसपास.

शाळेच्या प्रकल्पासाठी सोपं काही सांगा.

छोटा आरसा घ्या. खिडकीवरच्या कोळ्यासमोर दोन-तीन इंचांवर धरा. बरेच नर आरशातल्या नराला पाय उगारून दाखवतात, मागं-पुढं होतात. १९९० मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी एका जातीला छोट्या टीव्हीवर किडा आणि दुसरा कोळी दाखवला, तर ते कोळी पडद्यावरच्या किड्यावर झडप घालायला गेले आणि पडद्यावरच्या कोळ्यासमोर तोरा मिरवायला लागले. तुम्ही मोबाईलवर हेच करून बघू शकता. आवाज बंद ठेवा, उजेड कमी करा.

दोन-तीन मिनिटांवर ताणू नका, आरसा काढून घ्या. खोट्या भांडणात त्याची खरी ताकद जाते. वहीत तारीख, वेळ, ऊन होतं की सावली, किती अंतरावर असताना वळला आणि पहिल्यांदा कुठला पाय उचलला हे लिहा. नाव लिहायची घाई नको. ‘प्लेक्सिपस, नर, वर्गाची पूर्वेकडची खिडकी’ एवढं बास आहे, आणि बाईंनी पुस्तकी नावासाठी आग्रह धरलाच तर वरचं फोटोचं उत्तर दाखवा.